कोंबड्यांच्या मर्दानगीची चौकशी

शायनिंग ग्लोरी हॅचरीत अंड्यांना आंघोळ घालायची प्रथा पडली ती मालकीणबाईंच्या नाकामुळे. नोव्हेंबरात मॅडम चार पाहुण्यांना घेऊन अंड्यांची खोली दाखवायला आल्या होत्या. तीस हजार अंड्यांतून त्यांची नजर नेमकी एका अंड्यावरच्या शिटेच्या ठिपक्यावर पडली. "ह्या घाणीतून माझी पिल्लं निघतात?" त्यांनी विचारलं. जणू बाकी इबादान शहरातली पिल्लं चांदीच्या वाटीतून निघत होती. पाहुणे हसले. पाहुण्यांनी हसणं वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत एक निळं पिंप आलं, सहा बायका आल्या, तीन फडकी आली, आणि आठवड्याच्या आत फाटकावर पाटी लागली: 'आमचं प्रत्येक अंडं स्नान करून येतं.'

पाटीखाली मॅनेजर ओलागोके यांनी स्वतःचं नाव घालून घेतलं. ओलागोके, म्हणजे कामगारांचे 'ओगा', साहेब, हॉलंडला पाच दिवसांचं कुक्कुटपालन प्रशिक्षण घेऊन आले होते. त्याचं प्रमाणपत्र ऑफिसात चौकटीत लावलेलं होतं आणि शेजारी फोटो होता. फोटोत त्यांच्या मागे गाय उभी होती.

अवेरो ह्या सगळ्याकडे शेवटच्या टेबलावरून बघत होती. हॅचरीत सगळे तिला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने डोटूनची आई म्हणत. अकरा वर्षं तिचं काम एकच होतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघून गेली की जी अंडी तशीच राहतात ती फोडायची आणि आतला जीव कुठे थांबला ते बघायचं. तिच्यापुढे प्लास्टिकचे पाच वाडगे असत. पहिल्यात ज्यात काही धरलंच नाही ती अंडी. दुसऱ्यात रक्ताची बारीक कडी दिसली की. तिसऱ्यात काळा डोळा. चौथ्यात पिसं आणि चोच. पाचव्यात सडकं. पाचव्या वाडग्याचा वास असा की जेवायच्या सुट्टीत अवेरोच्या शेजारी कुणी बसत नसे. त्यामुळे तिच्या डब्यातल्या आमालाच्या उकडीला कधी वाटेकरी मिळाला नाही, आणि ह्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

डिसेंबर लागला, हर्मटानचा धुरळा घेऊन कोरडा वारा सुटला, पिंपातलं पाणी सकाळी हात बधिर करू लागलं, आणि पाचवा वाडगा भरून वाहू लागला. शंभर अंड्यांमागे चौऱ्याऐंशी पिल्लं निघत होती, ती साठ झाली, मग एक्कावन्न. जी निघत त्यांतली कित्येक पोट फुगलेली, बेंबी ओली आणि काळी. गिऱ्हाइकांनी ती नेली, तिसऱ्या दिवशी मेलेली खोक्यात भरून परत आणली आणि फाटकावरच्या पाटीखाली ओळीने मांडून ठेवली. स्नान केलेलीच होती सगळी.

ओलागोकेंनी स्वतः तपास केला. अठराव्या दिवशी अंडी दुसऱ्या मशीनमध्ये हलवतात तेव्हा त्यांनी दिवा घेतला, अंड्यामागे धरला. उजेड आरपार गेला.

"नापीक," ते म्हणाले. "कोंबडे कामाचे राहिले नाहीत."

"ओगा," अवेरो म्हणाली, "फोडून बघू या का? तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेलेलं असलं तरी दिव्यात रिकामंच दिसतं."

"फोडायचं कशाला? दिव्यात दिसतं ते दिसतं. मी हॉलंडमध्ये शिकलोय."

"तिकडे फोडत नव्हते?"

"तिकडे दिवे चांगले असतात," ओलागोके म्हणाले, आणि ह्या उत्तराने त्यांचं स्वतःचं पूर्ण समाधान झालं.

"आणि ही काळी पडलेली, वास मारणारी?"

"ती वाटेत उन्हाने नासली. तोही आकांबींचाच दोष."

अंडी येत ती बाबा आकांबींच्या वाड्यातून. म्हातारा सत्तरीचा. त्याच्याकडे चोवीसशे कोंबड्या आणि दोनशे चाळीस कोंबडे. आधीच्या मालकापासून तो हॅचरीला अंडी देत आलेला. अवेरोला अंडं फोडायला शिकवलं तेही त्यानेच. कुठे टोचायचं, कवच कसं सोलायचं, आणि मेलेल्या पिल्लाला शिव्या द्यायच्या नाहीत, त्याला विचारायचं की बाबा रे, कुठे अडलं तुझं.

बुधवारी चौकशी समिती बसायची ठरली. सोमवारी ओलागोकेंनी अवेरोपुढे अहवाल ठेवला. समिती बसायच्या आधीच अहवाल तयार होता, कारण ओलागोके कामाला वाघ. निष्कर्ष असा: कोंबड्यांची मर्दानगी संपली आहे, सबब शुक्रवारी ट्रक पाठवून सर्व दोनशे चाळीस कोंबडे आणावेत व कापावेत. खाली अंडी फोडायच्या टेबलाची सही लागत होती, म्हणजे अवेरोची.

अहवालाच्या मागे टाचणीने आणखी एक कागद लागून आला होता. तो चुकून आला होता. नाताळ पुढच्या आठवड्यात होता आणि कागदावर वाटप होतं. मॅडम, चाळीस. इंजिनिअर पोपूला, साठ. मॅनेजर, तीस. मग ज्याचा त्याचा हुद्दा बघून उतरत्या क्रमाने. सगळ्या दोनशे चाळीस कोंबड्यांचे पेठे मात्र वेगळे काढून एका बादलीत मॅडमच्या यजमानांकडे, चीफसाहेबांकडे जायचे होते, कारण घरात कोंबडी कापली की कलेजीशेजारचा पेठा कर्त्या पुरुषाच्या ताटात जातो, आणि चीफइतका कर्ता पुरुष पंचक्रोशीत दुसरा नव्हता. यादीत अगदी तळाशी अवेरोचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: एक, लहान.

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. फक्त इथे तुरी अजून आरवत होत्या.

"वाचून बुधवारी सही करते, ओगा," अवेरो म्हणाली.

"वाचायचं काय त्यात?"

"माझं इंग्रजी मंद आहे. वेळ लागतो."

दुपारी ती बाबा आकांबींच्या वाड्यावर गेली. म्हातारा कोंबड्यांच्या जाळीपाशी स्टुलावर बसून मक्याचे दाणे निवडत होता. अवेरोने गुडघे टेकून नमस्कार केला.

"ये, डोटूनच्या आई. दुखवट्याला आलीस का?"

"कसला दुखवटा, बाबा?"

"ऐकलं मी. माझे कोंबडे नामर्द झाले म्हणे. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस, एका महिन्यात. साथ असावी." जाळीआड एक कोंबडा एका कोंबडीच्या मागे लागला होता, तो काम उरकून अंग झटकून पुढे गेला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बोट केलं. "हा बघ बिचारा. लपवतोय."

अवेरोला हसू आलं, पण ती हसली नाही. "शुक्रवारी ट्रक येतोय, बाबा."

म्हाताऱ्याचा हात दाण्यांत थांबला. "नवे कोंबडे वयात यायला सहा महिने. तोवर ह्या कोंबड्या म्हाताऱ्या होतील. अंडी देतील, पण ती नुसती पोळा करून खायची. मग मी काय करू? त्यांच्यावर जाऊन बसू?"

"असं काय बोलता."

"ओलागोकेला विचार, हॉलंडमध्ये चालतं का."

त्याने मूठभर दाणे जाळीआड फेकले. मग अवेरोला म्हणाला, "अजून धुतात?"

"रोज. सहाजणी. एकच पिंप, दिवसभर तेच पाणी."

"अंडं वाड्यातून येतं तेव्हा त्याचं अंग गरम. ते गार पाण्यात घातलं की आतलं आखडतं आणि श्वास आत ओढतं. तूही ओढशील, तुला टाकली पिंपात तर. कवचाला हजारो भोकं. बाहेर जे असेल ते आत. आणि दहाव्या अंड्यानंतर त्या पिंपात जे असतं त्याला पाणी म्हणणं म्हणजे पाण्याची बदनामी. एका अंड्यावर ठिपका होता, तो त्यांनी तीस हजार अंड्यांना सारखा वाटला. देवाने अंड्याला वरून एक पातळ वस्त्र घातलेलं असतं गं. ह्यांनी ते चोळून काढलं आणि वर लिहिलं, स्नान."

"हे समितीपुढे येऊन सांगा ना."

"मला बोलावलंय कुठे? आरोपीच्या बापाला कोण बोलावतो?" म्हाताऱ्याने दाणे पुन्हा निवडायला घेतले. "तू सही करून टाक. तुला घर आहे. आणि एक कोंबडा मिळेल म्हणतात."

"लहान," अवेरो म्हणाली.

"लहान?" म्हाताऱ्याला पहिल्यांदाच खरा राग आला. "माझ्या वाड्यात लहान कोंबडा एकही नाही."

बुधवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्ष इंजिनिअर पोपूला, मॅडमचे सख्खे भाऊ. ते रस्त्यांचे इंजिनिअर. हॅचरीपुढचा रस्ता त्यांनीच बांधला होता आणि तो बघायला लोक अजून येतात, पण सापडत नाही. अंगावर निळा घोळदार आगबाडा, त्याच्या बाह्या दर दोन मिनिटांनी खांद्यावर चढवायच्या, त्यामुळे त्यांना बोलायला फार वेळ उरत नसे आणि लोक त्यांना विचारी समजत. शेजारी मॅडम, अत्तराचा रुमाल हातात. तिसरे ओलागोके, लेखणी आणि वही घेऊन. खोलीत एसी होता, खिडक्या बंद होत्या.

अवेरो आली ती एका हातात तीस अंड्यांचा ट्रे आणि दुसऱ्या हातात पाच वाडगे घेऊन.

"सही कुठाय?" ओलागोके म्हणाले.

"करते, ओगा. त्याआधी कायदेशीर होऊ दे. सहीच्या वर लिहिलंय, 'समक्ष फोडून पाहिले.' समक्ष कुठे फोडलं? उद्या कुणी विचारलं तर साहेबांच्या नावाला बट्टा."

'साहेबांच्या नावाला' हे शब्द पोपूलांना आवडले. त्यांनी बाही चढवली. "फोडू दे तिला. प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया."

अवेरोने पहिलं अंडं घेतलं. ओलागोकेंनी स्वतः दिवा धरून 'नापीक' म्हणून बाजूला काढलेल्यांपैकीच ते होतं, वर त्यांची फुली होती. तिने बोथट बाजूने टोचलं, कवच नखाने सोललं आणि अंडं पुढे धरलं. पिवळ्या बलकावर लाल दोऱ्याएवढी गोल कडी होती.

"हे काय?" पोपूला म्हणाले.

"रक्त, साहेब. चौथ्या दिवसाचं. हृदय चालू झालं होतं, मग थांबलं."

"डाग असेल," ओलागोके म्हणाले.

तिने दुसरं फोडलं. कडी. तिसरं. कडी. चौथं खरंच रिकामं निघालं, ते तिने प्रामाणिकपणे पहिल्या वाडग्यात टाकलं. मग तिने फुलीचं असं एक घेतलं की त्यात काळा डोळा होता, मोहरीएवढा, वर बघणारा. ओलागोकेंच्या दिव्याखालून तोही निसटला होता. डोळे डोळ्यांना असेच चुकवतात.

"ओगा," अवेरोने अदबीने विचारलं, "कोंबडा नामर्द, तर हे लेकरू कुणाचं?"

मॅडमनी रुमाल नाकाशी नेला. "काय ही भाषा."

"भाषा अहवालातली आहे, मॅडम. दुसऱ्या पानावर तीनदा आलीये."

मग ती सडक्यांकडे वळली. त्यातलं पहिलं तिने फक्त टोचलं, बाकीचं काम त्याने स्वतःच केलं. आत पिल्लू होतं, पिसं फुटलेलं, चोच आलेली, हिरवट रसात निजलेलं. वास आधी वाडग्यात मावला, मग टेबलावर, मग एसीने तो कर्तव्य म्हणून खोलीभर सारखा फिरवला. मॅडम उठून खिडकीशी गेल्या. खिडकी उघडत नव्हती.

"हे सतराव्या दिवसाचं," अवेरो म्हणाली. "एवढं वाढलं आणि जंतूंनी खाल्लं. धुतल्यापासूनच—"

"कळलं," पोपूला घाईने म्हणाले. बहिणीच्या पाठीकडे त्यांचं लक्ष होतं. त्यांनी दोन्ही बाह्या एकदम चढवल्या, म्हणजे आता विचार येणार. "म्हणजे पिल्लू धरतं, पण रोगाने मरतं. रोग आला कुठून? बापाकडून. अशक्त बाप, रोगी पोर. मूळ दोष कोंबड्यातच. लिहा, ओलागोके."

ओलागोकेंच्या चेहऱ्यावर रंग परतला. लिहू लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी देताना माणसाचं अक्षर सुंदर येतं.

अवेरोने हात पुसले आणि गुडघे टेकले. "साहेब म्हणतात ते खरं. मी सही करते. फक्त तेवढं नीट लिहा, ओगा, की रोग कोंबड्यांच्या अंगात आहे."

"लिहिलं."

"अंगात म्हणजे रक्तामांसात."

"अर्थात."

"कलेजीत, पेठ्यात, सगळीकडे."

"सगळीकडे," ओलागोके लिहीत म्हणाले.

"मग शुक्रवारी खड्डा कुठे खणायचा ते पण ठरवून टाका."

लेखणी थांबली. "कसला खड्डा?"

"रोगी पक्षी पुरतात ना, ओगा. चुना टाकून, समितीच्या समक्ष. तुम्हीच दाराशी नियम चौकटीत लावलेत, त्यातला सातवा. दोनशे चाळीस म्हणजे खड्डा चांगला मोठा लागेल. इंजिनिअरसाहेब असल्यावर खड्ड्याची काळजी नाही म्हणा."

पोपूलांनी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा चर्चमधल्यासारखा होता.

"आणि ती यादी," ती पुढे म्हणाली. "अहवालाला लागून आली होती. त्यात मॅडमच्या नावापुढे चाळीस आहेत आणि चीफसाहेबांना पेठ्यांची बादली. तेवढी फाडून टाकू ना? उद्या बादली खाऊन साहेबांच्या पोटात दुखलं, तर कागदावर सही माझी."



"चाळीस?" मॅडम खिडकीपासून वळल्या. "मला चाळीस? आणि तुला रे?"

"आकडे तात्पुरते आहेत," पोपूला म्हणाले.

"साठ, मॅडम," अवेरो म्हणाली. "साठ आहेत तात्पुरते."

"माझ्या हॅचरीतून तू साठ नेणार आणि मी चाळीस? तुझ्या घरी खाणारी माणसं किती? तू, बायको आणि तो कुत्रा."

"ताई, समितीत घरच्या गोष्टी नकोत."

"समिती कुणी नेमली?"

ओलागोके वही चाळत होते, कारण वहीत बघितलं की कुणाकडे बघावं लागत नाही. शेवटी त्यांनीच वाट काढायचा प्रयत्न केला. "समजा आपण लिहिलं, कोंबडे निरोगी आहेत, पण नामर्द आहेत. म्हणजे कापता येतील आणि खाताही येतील."

सगळ्यांनी आशेने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी वाडग्यांकडे बघितलं. दुसऱ्या वाडग्यात रक्ताच्या कड्या होत्या, तिसऱ्यातून डोळा वर बघत होता, पाचव्याकडे बघायची गरज नव्हती. एवढं खानदान टेबलावर मांडलेलं असताना बापाला नामर्द लिहायला रस्ते खात्यातलाही माणूस कचरतो.

"नाही," पोपूला जड आवाजात म्हणाले. "रोगी असले तर खाता येत नाहीत. निरोगी असले तर कापता येत नाहीत." हा त्यांच्या आयुष्यातला पहिला निर्विवाद सिद्धान्त होता आणि तो त्यांना साठ कोंबड्यांना पडला. "लिहा. कोंबडे निर्दोष. एकमताने."

"मग दोष कुणाचा लिहू?" ओलागोके म्हणाले.

आता तिघांनीही मॅडमकडे न बघण्याची इतकी खटपट केली की मॅडमना ती दिसली. अवेरोने क्षणभर तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "कुणाचाच नाही, ओगा. हवेचा. हर्मटानात पाणी फार गार पडतं, अंड्यांना सोसत नाही."

"मी तेच सांगणार होते," मॅडम म्हणाल्या. "त्या बायकांच्या हातांना भेगा पडल्यात. मला बघवत नाही. हवामान सुधारेपर्यंत धुणं बंद ठेवा."

ओलागोकेंनी लिहिलं: 'माननीय मॅडम यांच्या दयाळू सूचनेवरून.' ठराव मंजूर झाला. जेवायला समितीने बाहेरून कोंबडी मागवली. सहाही बायकांना त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, भेगांसकट. फाटकावरची पाटी कायम राहिली, कारण तिच्यावर खर्च झाला होता. अवेरोला शनिवारी ताकीद मिळाली: समितीपुढे 'नामर्द' हा असभ्य शब्द वापरल्याबद्दल.

बुधवारीच संध्याकाळी ती वाड्यावर गेली तेव्हा म्हातारा पाणी भरत होता.

"सुटले," ती म्हणाली.

बाबा आकांबींनी डबा खाली ठेवला. जाळीतून कोंबड्यांवर नजर फिरवली. मग म्हणाले, "सगळे?"

"सगळे. लेखी. एकमताने."

"आणि धुणं?"

"हवामान सुधारेपर्यंत बंद."

"हवामान कधी सुधारणार?"

"मॅडमना आठवेपर्यंत नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि डोळे पुसले, आणि मग धुरळ्याला शिव्या दिल्या.

धुतलेली अंडी मशीनमध्ये अजून होतीच. ती आणखी तीन आठवडे सडत राहिली. मग कोरडी, ठिपक्यांची, अंगावरच्या वस्त्रानिशी आलेली अंडी फुटायला लागली, आणि जानेवारीच्या मध्याला शंभरामागे त्र्याऐंशी पिल्लं निघाली, खडखडीत बेंबीची, चिवचिवाट करणारी. ओलागोकेंनी लगेच नवा अहवाल लिहिला आणि सहीसाठी अवेरोपुढे ठेवला. तिने ह्या वेळी तो तिथेच वाचला. लिहिलं होतं की चौकशी समितीच्या कारवाईची जरब बसून कोंबड्यांच्या कामगिरीत तीन आठवड्यांत लक्षणीय सुधारणा झाली. सबब दर तीन महिन्यांनी अशी चौकशी घेण्यात यावी.

अवेरोने सही केली आणि रविवारी तो कागद वाड्यावर नेऊन म्हाताऱ्याला वाचून दाखवला. बाबा आकांबींनी शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकलं. मग उठले, जाळीचं दार उघडून आत गेले आणि कोंबड्यांना म्हणाले, "ऐकलंत ना रे? चालू ठेवा. साहेबांचं लक्ष आहे."